कुठून केलास?

2023च्या फेब्रुवारीतली एक गुरुवारची रात्र अजून मनातून जात नाही. घडले ते इतके लहान आहे की घरात कोणाला सांगायचे तर आधी पाच मिनिटे प्रस्तावना करावी लागते, आणि प्रस्तावना संपेपर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष उडालेले असते. कोथरूडमध्ये त्या रात्री बऱ्यापैकी थंडी होती. मी खिडकी लावून घेतली होती, टेबलावरच्या दुधावर साय धरली होती, आणि डिस्कॉर्ड या बोलण्याच्या ॲपवर आम्ही आठ जण एकमेकांचे श्वास ऐकत फायनल फँटसी 14 या खेळातली ॲबिसॉस मालिकेची शेवटची लढाई, तिच्या 'सॅव्हेज' म्हणजे सर्वांत अवघड रूपात, लढत होतो. आमच्यातल्या सात जणांनी ती डिसेंबरातच जिंकली होती. आठवा होता लातूरचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा. आमचा जुना ड्रॅगून, म्हणजे भाला घेऊन लढणारा गडी, नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याच्या रात्री त्याच्या राहिल्या नाहीत, म्हणून जानेवारीत हा मुलगा त्याच्या जागी आला. सहा आठवडे तो शिकत होता. कधी उशिरा आला नाही, एकाच ठिकाणी दहादा चुकला तरी कधी कारणे सांगितली नाहीत. त्या रात्री हेफेस्टॉस या बॉसचे, म्हणजे लढाईतल्या मुख्य शत्रूचे, शेवटचे तीन टक्के आयुष्य उरले असताना तो मुलगा पडला.

सांगलीच्या काकू आमच्या हीलर, म्हणजे इतरांना बरे करणाऱ्या. निवृत्त शिक्षिका, चोपन्न वर्षांच्या, आणि आमच्या स्टॅटिकमधले, म्हणजे ठरलेल्या गटातले, सर्वांत शांत डोके. त्यांनी त्याच क्षणी त्याला उठवण्याचा मंत्र टाकला. त्याच्या पडद्यावर 'उठायचे का?' असे विचारणारी चौकट आली असणार, होय आणि नाही अशा दोन बटणांची. ती चौकट आम्हा सगळ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. गटाचा म्होरक्या म्हणून मी मात्र म्हणालो, "उठू नकोस. तसाच पडून राहा, आम्ही मारतो." हिशेब सरळ होता. उठवलेल्या माणसाच्या अंगात काही काळ अशक्तपणा राहतो, पुढचा घाव त्याला पेलत नाही, आणि तो चुकीच्या जागी उभा राहिला तर शेजारच्यालाही घेऊन पडतो. तो उठला नाही. चाळीसेक सेकंदांनी बॉस कोसळला, संगीत बदलले, पेट्या उघडल्या, आणि विजय आठही जणांच्या नावावर लागला. जमिनीवर पडलेल्यालाही तो मिळतो, खेळाचा नियमच तसा आहे. आम्ही सगळ्यांनी त्याचे तोंडभरून अभिनंदन केले. तो म्हणाला, "थँक्यू दादा," आणि लवकर झोपायचे आहे असे सांगून निघून गेला.

शनिवारी दुपारी त्याचा निरोप आला. "दादा, याच आठवड्यात पुन्हा एकदा जाता येईल का? मला काही नको आहे. फक्त उभं राहून बघायचं आहे."

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही.

या खेळात अशा लढाईचे बक्षीस आठवड्यातून एकदाच मिळते. मंगळवारी आपल्याकडच्या घड्याळात दुपारी दीड वाजता आठवडा पालटतो, आणि तोपर्यंत तुम्ही त्याच बॉसला कितीही वेळा मारले तरी पेटी उघडत नाही. म्हणजे त्याचे मागणे असे होते की सात माणसांनी, ज्यांपैकी दोघांना लहान मुले आहेत आणि एक जण रॉटरडॅममध्ये ऑफिस लवकर आटोपून बसतो, आपली एक रात्र अशा गोष्टीसाठी द्यावी जिच्यातून कोणाच्या पदरात काडीचेही काही पडणार नाही. मी फोन पालथा ठेवला आणि भाजी आणायला बाहेर पडलो. मंडईत उभा असताना, मटार निवडता निवडता, माझ्या लक्षात आले की मला वेळेची अडचण टोचत नव्हती. टोचत होते ते 'उभं राहून' हे दोन शब्द. माझ्या हिशेबात मी त्याला विजय दिला होता. त्याच्या हिशेबात मी त्याला काय दिले होते, हे त्या दोन शब्दांत होते.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ खेळणाऱ्यांना एंडगेम म्हणजे काय हे सांगायला नको. कथा संपते, लेव्हल कमाल मर्यादेला टेकते, नकाशावरचे धुके विरते, आणि तिथून पुढे जे उरते तोच खरा खेळ असे आम्ही एकमेकांना सांगत आलो आहोत. हे विधान मी गेली सतरा वर्षे करतो आहे. पण ते कशामुळे खरे ठरते आणि कशामुळे खोटे, याचा नीट विचार मी त्या शनिवारपर्यंत केलाच नव्हता असे आता वाटते.

2006 साली मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या खोलीत नुकतेच 256 केबीपीएसचे ब्रॉडबँड आले होते, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची महिन्याची वर्गणी भरण्यासाठी मी परदेशातल्या आतेभावाच्या कार्डाची मिनतवारी करत असे. त्या खेळात तेव्हा लेव्हल 60 ला संपे, आणि मग मोल्टन कोअर नावाच्या धगधगत्या गुहेत चाळीस माणसांनी मिळून उतरायचे असे. चाळीस! त्यांतले पस्तीस तरी युरोपातले, मी त्यांचा उच्चार समजून घेण्यात निम्मी शक्ती घालवणारा. युरोपातली रात्र आठची म्हणजे आपली साडेबारा-साडेअकरा, त्यामुळे दिवा न लावता, कळफलकावर हळूच बोटे टेकवत, शेजारच्या खोलीतल्या आजीची झोप मोडणार नाही याची काळजी घेत मी लढत असे. पंख्याचा आवाज, कपाटाच्या जुन्या लाकडाचा वास, आणि पडद्यावर लाव्हारसातून वर येणारा रॅग्नारोस. लुटीची वाटणी हजेरीच्या गुणांवर होई. डीकेपी नावाची ही पद्धत त्याआधीच्या एव्हरक्वेस्ट या खेळातून आलेली. पाच महिने गुण साठवून मी एक तलवार मिळवली. मिळाली त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी आजही कोणालाही न लाजता सांगेन.

जानेवारी 2007 मध्ये त्या खेळाचा पुढचा भाग आला. नव्या प्रदेशात पाऊल टाकल्यावर अगदी सुरुवातीच्या साध्या कामगिऱ्यांत, डुकरे मारून आणि निरोप पोचवून, जी हिरव्या दर्जाची हत्यारे मिळत होती, ती मोल्टन कोअरमधल्या पुष्कळशा हत्यारांच्या वरचढ निघाली. जगभरच्या खेळाडूंना याचा धक्का बसला होता. रचनेच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. नव्याने येणाऱ्याला जुन्यांच्या बरोबरीने उभे करायचे तर दुसरा मार्ग नव्हता. मी दोन दिवस ती जुनी तलवार हट्टाने वापरली, मग बदलली, आणि बँकेच्या खणात ठेवून दिली. मला वाटले होते की फार वाईट वाटेल. वाटले, पण आठवडाभरच. तलवार गेली तरी दुसरे काही गेले नव्हते: कोणत्या क्षणी मागे सरायचे, कोणाच्या आवाजातली घाई खरी आणि कोणाची नुसती सवयीची, हीलरची शक्ती संपत आल्याचे त्याने न सांगता कसे ओळखायचे. हे सारे माझ्या बोटांत आणि कानांत राहिले होते, आणि कोणताही नवा भाग येऊन त्याची किंमत कमी करू शकत नव्हता. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आले नसते. मी इतकेच म्हणत असे की गुहा आठवते, तलवारीचे नाव आठवायला वेळ लागतो.

बाबांचा सिंहगड रविवारचा. मला कळायला लागल्यापासून दर रविवारी पहाटे ते चेतक काढत, खडकवासल्याच्या धरणाच्या कडेने आतकरवाडीला जात, स्कूटर एका ठरलेल्या घराच्या अंगणात लावत, आणि गड चढत. वर जाऊन एक ताक पीत, दहा मिनिटे बसत, उतरत, आणि साडेनऊपर्यंत घरी येऊन आंघोळीला जात. त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्यात चार रकाने होते: तारीख, वेळ, हवा, सोबत. वेळ म्हणजे पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत लागलेली मिनिटे. हवा म्हणजे 'धुके', 'निसरडे', 'कोरडे', 'वारा फार' असे एक-दोन शब्द. सोबतीच्या रकान्यात कधी नाव असे, कधी 'एकटा', आणि कधी 'वाटेत भेटलेले' असे. लहानपणी मला त्या वहीचे मोठे कोडे होते. गड तोच, वाट तीच, वर काय आहे ते ठाऊक. मग पुन्हा का जायचे, आणि गेल्यावर लिहून का ठेवायचे?

मी नऊ वर्षांचा असताना मुंबईहून मामा आले होते. त्यांनी आम्हा मुलांना गाडीत घातले आणि गोळेवाडीकडून घाटरस्त्याने थेट वर नेले. आम्ही पिठले-भाकरी खाल्ली, मडक्यातले दही खाल्ले, तानाजींच्या समाधीपाशी उभे राहिलो, कडेलोटाच्या बाजूला जायची भीती वाटली म्हणून गेलो नाही, आणि संध्याकाळी घरी परतलो. दारातूनच मी बाबांना ओरडून सांगितले, "मी सिंहगड केला!" ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि फार आपुलकीने, दुसऱ्या एखाद्या नेहमीच्या चढणाऱ्याला विचारावे तसे, विचारले, "वा! कुठून केलास?"

मी म्हणालो, "गाडीने."

ते काही बोलले नाहीत. रागावले नाहीत, हसले नाहीत. "दही चांगलं होतं का?" असे विचारून पुन्हा वाचू लागले. पुढच्या रविवारी पहाटे मी स्वतःहून उठून, बूट घालून, दारात जाऊन उभा राहिलो. त्या दिवशीच्या नोंदीत वेळेच्या रकान्यात 1 तास 55 मिनिटे आहेत आणि सोबतीच्या रकान्यात माझे घरातले नाव आहे. बाबांच्या नेहमीच्या वेळेच्या दुपटीहून जास्त. चढताना तीनदा मला रडू आले होते, आणि वर पोचल्यावर तेच दही मी खाल्ले. ते अधिक गोड लागले असे मी म्हणणार नाही. पाय इतके थरथरत होते की चवीकडे लक्षच नव्हते. मात्र पुणे दरवाजाच्या आधीच्या वळणावरचा एक दगड, ज्यावर मी शेवटचा बसलो होतो, तो मला अजून ओळखता येतो.

ॲबिसॉसची सॅव्हेज लढाई 30 ऑगस्ट 2022 रोजी खुली झाली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. दोन वर्षांच्या महामारीनंतर पहिल्यांदा मोकळेपणाने येणारे गणपती. माझा चुलतभाऊ ढोल-ताशा पथकात आहे. जुलैपासून नदीकाठी त्यांचा सराव चालू होता, आणि संध्याकाळी पुलावरून जाताना तेच तेच ठेके, तीच तीच चूक, पुन्हा पहिल्यापासून, असे ऐकू येई. आमचेही तेच चालले होते. आठवड्यातून तीन रात्री, दहा ते साडेबारा. शेवटच्या लढाईच्या उत्तरार्धात 'हाय कॉन्सेप्ट' नावाचा एक भाग आहे, जो ज्यांनी केला आहे त्यांना नुसत्या नावाने घाम फुटतो. खेळाडूंवर अल्फा, बीटा, गॅमा यांपैकी खुणा येतात. कोणाची मुदत आधी भरते, कोणाची नंतर. त्यानुसार ठरलेल्या जागी पळायचे, मग ठरलेल्या जोड्या जुळवायच्या, जोडीतून जो रंग तयार होतो त्या रंगाच्या मनोऱ्यात उभे राहून त्याचा घाव झेलायचा. एकाने जरी उजवीकडे जायचे तिथे डावीकडे पाऊल टाकले तर सगळे पडतात, आणि पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही या भागात किती वेळा पडलो याची मोजदाद मी ठेवली नाही. काकूंनी मात्र शाळेच्या चौकटीच्या वहीत आठ रंगांच्या पेन्सिलींनी प्रत्येकाच्या वाटा काढल्या होत्या. त्या पानाचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. माझी वाट तपकिरी.

मग ऑक्टोबरातली एक रात्र अशी आली की कोणी काही बोललेच नाही. एरवी मी "बीटा मागे, गॅमा थांबा" असे मोठ्याने सांगत असे. त्या रात्री खुणा आल्या, आठही जण हलले, जोड्या जुळल्या, मनोरे झेलले गेले, आणि डिस्कॉर्डवर फक्त कोणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली. पुढच्याच भागात आम्ही सगळे मेलो. पण ती शांतता मी विसरणार नाही. विजयाच्या रात्रीपेक्षा ती रात्र मला अधिक लख्ख आठवते, आणि एंडगेम समाधान देतो तो नेमका कुठे असे मला कोणी विचारले तर मी त्या कुकरच्या शिट्टीकडे बोट दाखवीन. आठ माणसांनी जे पाठ केले होते ते त्यांच्या हातात उतरले होते, आणि ते उतरल्याचे आठही जणांना एकाच क्षणी कळले होते.

या समाधानासाठी फार नेमकी घडवलेली अडचण लागते, हेही खरे. ही लढाई आली तेव्हा बॉसची ताकद थोडी जास्त ठेवली गेली होती असे खेळाच्या निर्मात्यांनीच थोड्याच दिवसांत जाहीर केले, आणि त्याचे बळ सुमारे एक टक्क्याने कमी केले. बाहेरच्या माणसाला एक टक्का म्हणजे काहीच वाटणार नाही. पण ज्या लढाईला वेळेची मर्यादा आहे, ती संपली की बॉस सगळ्यांना एका फटक्यात संपवतो, आणि जगातले उत्तमोत्तम गट त्या मर्यादेला केसभर कमी पडत आहेत, तिथे एक टक्का म्हणजे सगळे काही. मला त्या जाहीर कबुलीचे फार कौतुक वाटले. अडचण किती असावी याची इतकी काळजी कोणीतरी घेते आहे, म्हणजे आपण घालवलेल्या रात्रींचा मान राखला जातो आहे.

नुसती अडचण मात्र वेगळी. फायनल फँटसीच्याच आधीच्या, अकराव्या खेळात 2008 साली पँडेमोनियम वॉर्डन नावाच्या बॉसशी एक गट अठरा तास लढत राहिला आणि अखेर माघारी फिरला, कारण माणसांना चक्कर येऊ लागली, उलट्या होऊ लागल्या. ते वाचले तेव्हा माझ्या पोटात कालवले. शिकण्यासारखे जिथे संपले आहे आणि फक्त टिकून राहणे उरले आहे, तिथे माणसाला थांबता आले पाहिजे. नंतर तो बॉस बदलण्यात आला ते बरेच झाले. रूनस्केप या खेळातही थोडेसे असेच आहे: 99 लेव्हलला 1,30,34,431 गुण लागतात आणि 92 वर पोचल्यावर तुम्ही जेमतेम निम्म्यावर आलेले असता. माझा एक मित्र ते शांतपणे, मासे पकडत, वर्षभर करत होता आणि सुखी होता. मला ते जमले नाही. त्याच्या सुखावर शंका घेण्याचा मला अधिकार नाही.

उलट मी ज्या घटनेकडे पुन्हा पुन्हा वळतो ती एव्हरक्वेस्टमधली, नोव्हेंबर 2003 ची. केराफिर्म नावाचा झोपलेला ड्रॅगन. तो एकदा जागा झाला की त्या सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या जगाच्या त्या प्रतीत, पुन्हा कधीच झोपत नसे, आणि त्याला मारणे अशक्यच राहावे अशी त्याची योजना होती. रॅलोस झेक या सर्व्हरवर एकमेकांशी एरवी उभे वैर असलेले संघ एकत्र आले, दोनशेच्या जवळपास माणसे जमली, आणि मरत, उठत, पुन्हा मरत त्याला झिजवू लागली. त्याचे चतुर्थांशाच्या आसपास आयुष्य उरलेले असताना तो अचानक नाहीसा झाला; चालवणाऱ्यांनीच त्याला काढून घेतला होता. खेळाडूंनी आवाज उठवला, तेव्हा त्यांना पुन्हा संधी देण्यात आली, आणि दुसऱ्या वेळी सुमारे तीन तासांच्या लढाईनंतर तो मेला. त्याच्यापाशी काहीही निघाले नाही. एक नाणेसुद्धा नाही. मला त्या दोनशे माणसांचे चेहरे पाहायला फार आवडले असते, तीन तासांनंतर, रिकाम्या जागेकडे बघणारे. आज वीस वर्षांनंतरही त्या लढाईची आठवण काढली जाते, ती काय मिळाले म्हणून नव्हे. तिथे कोण कोण उभे होते, हे सांगितले जाते.

शनिवारी रात्री जेवणे झाल्यावर मी बाबांकडे गेलो. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चेतक विकून बरीच वर्षे झाली. कोणीतरी गाडीने आतकरवाडीपर्यंत सोडते, आणि ते जमेल तितके चढतात. सहज म्हणून मी निळी वही मागितली. ती आता चौथी वही आहे, पुठ्ठाही निळा राहिलेला नाही. पहिल्या वहीतले 48 मिनिटे, 51 मिनिटे असे आकडे हळूहळू तासाच्या पलीकडे गेले आहेत, मग दीड तासाच्या. गेल्या दोन वर्षांत वेळेच्या रकान्यात बऱ्याचदा मिनिटेच नाहीत, 'देवटाक्यापर्यंत नाही, मधूनच परत' असे काही आहे. मला वाटले होते की ही पाने पाहून वाईट वाटेल. थोडे वाटलेही. पण हवेचा रकाना पूर्वीसारखाच भरलेला होता, किंबहुना अधिक: 'पांगाऱ्याला फुले', 'खाली ढग, वर ऊन'. आणि सोबतीच्या रकान्यात आता एकाच ओळीत पाच-पाच, सहा-सहा नावे होती, अक्षर बारीक करून बसवलेली. मी त्यांना लातूरच्या मुलाची गोष्ट सांगितली. खेळातले काही त्यांना कळत नाही, पण चौकटीची गोष्ट कळली. त्यांनी विचारले, "तू त्याला उठू नको म्हणालास?" मी हो म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "घाई होती का?"

घाई नव्हती. वेळ पुरेसा शिल्लक होता. त्याने उठून चूक केली असती तर आम्ही सगळे पडलो असतो, आणि पुन्हा पहिल्यापासून केले असते, जसे आम्ही सप्टेंबरपासून शेकडो वेळा केले होते. सहा आठवडे त्याला शिकवणारा मीच, आणि शेवटच्या चाळीस सेकंदांत त्याला गाडीत घालून वर नेणाराही मीच.

घरी येऊन मी गटात लिहिले की उद्या रात्री दहा वाजता पुन्हा जायचे आहे, पेटी मिळणार नाही, ज्याला शक्य असेल त्याने यावे. कारण लिहिले नाही. रॉटरडॅमहून आधी उत्तर आले: "साडेपाचला लॅपटॉप बंद करतो. रविवारच आहे, नाहीतरी कामच करणार होतो." काकूंनी फक्त "आहे" असे लिहिले. नाशिकच्या जोडप्याने बाळ झोपले तर दोघे, नाही तर एक आणि बदली माणूस, असे कळवले. बाळ झोपले.

रविवारी आम्ही पाच वेळा पडलो. त्यांतले दोनदा त्या मुलाच्या हातून, दोनदा नाशिककरांच्या, एकदा माझ्या. माझी चूक झाली तेव्हा काकू म्हणाल्या, "तपकिरी, तपकिरी," आणि मला वहीचे पान डोळ्यांसमोर दिसले. सहाव्या प्रयत्नाला दुसऱ्यांदा येणारा हाय कॉन्सेप्ट संपला तेव्हा आठही जण उभे होते. शेवटच्या टप्प्यात त्या मुलाच्या श्वासाचा आवाज माझ्या कानांत इतका स्पष्ट येत होता की मी नकळत त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागलो होतो. मी त्याला काहीही सांगितले नाही. ज्या घावाला तो गुरुवारी पडला होता तो घाव आला, त्याचा ड्रॅगून अर्धे पाऊल मागे सरला, भाला फिरवून पुन्हा पुढे आला, आणि बॉस पडला.

संगीत बदलले. पेटी आली नाही. मंच रिकामा होता.

अशा वेळी लोक लगेच बाहेर पडतात; सकाळी ऑफिस असते. रॉटरडॅमवाला निरोप घेण्याच्या बेतात होता, तेव्हा काकूंच्या लक्षात आले की मुलगा कडेकडेने चालत फिरतो आहे, दोन पावले पुढे, एक मागे, पुन्हा वळून. त्यांनी विचारले, "काय शोधतोयस रे?"

तो म्हणाला, "परवा मी पडलो होतो ना काकू, ती जागा. कुठली ते बघतोय."

"बॉसच्या डाव्या हाताला होतास तू," त्या म्हणाल्या. "थोडा अजून मागे." रॉटरडॅमवाला म्हणाला, "नाही, उजवीकडे. माझ्या शेजारीच पडला होता." मग सगळे आपापले पात्र हलवत त्या रात्री जिथे होते तिथे जाऊन उभे राहू लागले, म्हणजे मधली मोकळी जागा त्याची निघेल. मीही माझ्या जागी जाऊन उभा राहिलो.